साल्झबर्ग ते इन्सब्रुक : दोन तासांचा रस्ता, आम्ही लांबून गेलो

आधी थोडं प्लॅनिंगचं

साल्झबर्गहून इन्सब्रुकला ट्रेन दोन तासांच्या आत सोडते. हायवेने गेलात तरी १८५ किमीच्या आसपास, तेही दोनच तास, आणि गंमत म्हणजे त्यातला बराचसा रस्ता जर्मनीतून जातो कारण नकाशात जर्मनीचं एक टोक बरोब्बर मधे घुसलंय. टूरवाले बहुतेक तसंच नेतात, सकाळी इथे फोटो, दुपारी तिथे फोटो. आम्हाला मात्र घाट बघायचे होते. आम्हाला म्हणजे मुख्यतः बाबांना. बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झाले, निम्मी नोकरी वरंधा-आंबेनळी भागात गेली, पावसाळ्यात दरड आली की रात्री-अपरात्री जीप काढून निघायचं हे मी लहानपणापासून बघितलंय. त्यामुळे ग्रॉसग्लॉकनरचा रस्ता त्यांच्या यादीत व्हिएन्ना-बिएन्नाच्या कितीतरी वर होता. आईची अट एकच, रोज रात्री नवीन बेड नको. आणि गाडी चालवणार नवरा, तो म्हणाला डाव्या बाजूचं स्टिअरिंग आणि घाट दोन्ही एकाच दिवशी नको. झालं, या तीन अटींत बसवून रूट काढला.

रूट असा : साल्झबर्गहून दक्षिणेला झेल आम झे, तिथून ग्रॉसग्लॉकनर चढून पलीकडे हायलिगेनब्लूट, मग लिएन्झ. लिएन्झहून फेल्बरटाउअर्नच्या बोगद्यातून परत उत्तरेला, क्रिम्लचा धबधबा, गेर्लोसचा घाट, झिलरटाल आणि इन्सब्रुक. म्हणजे आल्प्सची मुख्य रांग एकदा वरून ओलांडायची आणि एकदा पोटातून. सगळं मिळून चारेकशे किमी होतात, कुठल्याच दिवशी चालवणाऱ्याचा जीव जात नाही.

पण या रूटचं खरं प्लॅनिंग एकाच दिवसाभोवती फिरतं, तो म्हणजे ग्लॉकनरचा दिवस. रस्ता अडीच हजार मीटरवर जातो, वर ढग असला तर चांगलाच घसघशीत टोल भरून तुम्ही पांढरा पडदा बघून येणार. हे महिनाभर आधी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तो दिवस तारखेला बांधायचाच नाही. आम्ही पायथ्याला ब्रुकमध्ये दोन रात्री घेतल्या आणि त्या परिसरातली अशी एक गोष्ट हाताशी ठेवली की जी पावसात पण चालते. सकाळी उठून वेबकॅम बघायचा, वर साफ असेल तर घाट, नसेल तर दुसरी गोष्ट. इतकं साधं आहे पण नेटवर मिळणाऱ्या निम्म्या आयटिनररीत ग्लॉकनर एका रात्रीच्या मुक्कामात कोंबलेला असतो, चुकला की चुकला.

बाकी कागदपत्रं. आपल्याकडच्या लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, ते आपल्या आरटीओतच मिळतं आणि वर्षभर चालतं. गाडी ऑटोमॅटिक हवी तर बुकिंगलाच तसं टाका, तिकडे मॅन्युअल सर्रास देतात. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्या नावाचं पाहिजे, बायकोचं चालत नाही. गाडी एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडली की वन-वे चार्ज लागतो, तो कंपनीगणिक इतका वेगळा असतो की फक्त रोजचं भाडं बघून बुक करू नका. ऑस्ट्रियात घेतलेल्या गाडीवर हायवेचं स्टिकर, ज्याला तिकडे विन्येट म्हणतात, ते बहुधा असतंच, तरी चावी घेताना विचारून घ्यायचं. पण हे स्टिकर म्हणजे सगळे टोल माफ असं नाही, आपल्या रूटवरचे तीन मोठे टोल त्याच्या बाहेरचे आहेत. गाडीत पिवळं-नारिंगी जॅकेट, त्रिकोण आणि फर्स्ट एड बॉक्स असणं कायद्याने सक्तीचं आहे, बाबांनी पार्किंगमध्येच डिकी उघडून तिन्ही वस्तू मोजून घेतल्या.

गुरुवार : साल्झबर्ग ते ब्रुक

साल्झबर्गबद्दल लिहीत नाही, त्यावर भरपूर लिहिलंय लोकांनी. दुपारी गाडी घेतली, पहिला अर्धा तास सगळे गप्प, नवरा प्रत्येक वळणावर वायपर चालू करत होता कारण इंडिकेटरची दांडी दुसऱ्या हाताला. हायवेला लागल्यावर माणूस जरा सैल झाला. हायवेवर १३०, गावाबाहेरच्या रस्त्यावर १०० आणि गावात ५०, आणि गाव सुरू झालं याची खूण म्हणजे गावाच्या नावाची पाटी, तिच्यापाशीच ५० व्हायचं, वेगळा आकडा लिहिलेला असेलच असं नाही.

वेर्फेनला डोंगराच्या सुळक्यावर होहेनवेर्फेनचा किल्ला दिसतो, खाली साल्झाख नदी, मागे उभे कडे. गाडीतूनच बघितला. बिशोफ्सहोफेनला हायवे सोडला आणि तिथून पुढे साधा दुपदरी रस्ता नदी धरून जातो. संध्याकाळी झेल आम झेच्या तळ्याकाठी चक्कर मारली. गाव सुंदर आहे पण गर्दी फार, उन्हाळ्यात आखाती देशांतले लोक तिकडे मोठ्या संख्येने येतात त्यामुळे हॉटेलबाहेर अरबी पाट्या वगैरे दिसतात. म्हणून आम्ही राहायला चार-पाच किमी अलीकडे ब्रुकला होतो, ग्लॉकनरचा रस्ता तिथूनच सुरू होतो. या भागातली बरीच हॉटेलं, गेस्टहाऊसं पाहुण्यांना समर कार्ड देतात, त्यावर केबलकार, तळ्यातली बोट असं काय काय फुकट किंवा स्वस्त होतं. बुक करतानाच विचारून घ्या, कारण चौघांचं केबलकारचं तिकीट म्हणजे खिसा बराच हलका होतो.

जेवायला कासनोकन. छोटे छोटे पिठाचे गोळे, भरपूर चीज, वर तळलेला कांदा, आणि लोखंडी तव्यातच आणून ठेवतात. हे या पिन्झगाउ भागाचं खास. आई शाकाहारी, तिला हे एक नंबर आवडलं. शाकाहारी लोकांनी सूपपासून मात्र सावध राहा. मेनूत फ्रिटाटेनसुपं दिसतं, त्यात धिरड्यासारख्या पट्ट्या असतात म्हणून माणूस निर्धास्त मागवतो, पण पाणी बीफचं असतं. क्नोडेलमध्ये, म्हणजे तिकडच्या मोठ्या उकडलेल्या गोळ्यांमध्ये, पण श्पेक लिहिलं असेल तर ते डुकराचं.

शुक्रवार : वर ढग, म्हणून गुहेत

सकाळी सहाला वेबकॅम उघडला. ग्लॉकनरच्या रस्त्यावर वर फुशर टोर्ल म्हणून जागा आहे, तिथल्या कॅमेऱ्यात काहीच नाही, म्हणजे अक्षरशः काहीच नाही, सगळं पांढरं. गेस्टहाऊसच्या मालकीणबाईंनी पण मान हलवली, आज नको म्हणाल्या. खाली गावात तर बारीक पाऊस होताच. मग ठरल्याप्रमाणे दुसरी गोष्ट काढली, आइसरीझेनवेल्ट, वेर्फेनच्या वरची बर्फाची गुहा. आल्या रस्त्याने पाऊणेक तास मागे जावं लागतं पण त्याला काही इलाज नाही.

ही जगातली सगळ्यात मोठी बर्फाची गुहा मानतात. लांबी ४२ किमी, त्यातला तोंडाकडचा साधारण एक किमी भाग बर्फाचा, आणि तेवढाच लोकांना दाखवतात. १८७९ मध्ये आंटोन पोसेल्ट नावाचा माणूस पहिल्यांदा काही अंतर आत गेला. तिकडे जाणं हेच एक काम आहे. पार्किंगपासून चढण, मग एक छोटी पण भयंकर उभी केबलकार, मग परत चढण, तेव्हा कुठे गुहेचं तोंड, १६४१ मीटरवर. आणि आत पायऱ्या. सातशे वर, सातशे खाली. आईचे गुडघे बघता ती केबलकारच्या वरच्या स्टेशनपाशी जे उपाहारगृह आहे तिथे कॉफी घेऊन बसली, आणि खरं सांगायचं तर तिला काही चुकल्यासारखं वाटलं नाही, समोर ढग फाटून मधेच खालची दरी दिसत होती.

आत वीज नाही. प्रत्येक चार-पाच माणसांमागे एकाच्या हातात कार्बाइडचा दिवा देतात. आपल्याला कार्बाइड म्हटलं की आंबे आठवतात, तेच हे, पाणी पडलं की गॅस निघतो आणि तो पेटवायचा. दार उघडलं आणि आतून असा वारा आला की निम्मे दिवे विझले. गाइडने सांगितलं उन्हाळ्यात हे रोजचंच. मग त्याने कारण समजावलं, ते मला फार आवडलं. हिवाळ्यात बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड आणि जड, ती या खालच्या तोंडातून आत शिरते, आतली उबदार हवा वरच्या भेगांतून निघून जाते, असं करत करत तोंडाजवळचा सगळा खडक शून्याखाली जातो. वसंतात वरचं बर्फ वितळून पाणी भेगांतून झिरपतं आणि या गार खडकाला लागलं की गोठतं. उन्हाळ्यात वारा उलटा, आतून बाहेर. म्हणजे दर वर्षी बर्फ नवीन बनतो. मधे मधे गाइड मॅग्नेशियमची पट्टी पेटवून बर्फाच्या मागे धरायचा आणि तो अख्खा स्तंभ आतून निळा व्हायचा. फोटो काढू देत नाहीत, मला तर ते बरंच वाटलं, नाहीतर त्या पायऱ्यांवर सगळे मोबाइल धरून उभे राहिले असते. स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे न्याच, जून असला तरी, कारण आत शून्याच्या आसपास असतं आणि लोखंडी कठडा धरून चढायचं असतं.

पार्किंगपासून परत पार्किंगपर्यंत निम्मा दिवस जातो. जवळच सांक्ट योहानला लीष्टेनश्टाइन क्लाम नावाची अरुंद घळ आहे, २०१७ मध्ये दरड पडून ती बंद झाली होती आणि २०२० मध्ये नवा गोल जिना लावून उघडली, बाबांना ती बघायची होती पण चौदाशे पायऱ्यांनंतर त्यांनीच विषय काढला नाही.

शनिवार : ग्रॉसग्लॉकनर

पहाटे वेबकॅम : निळं आकाश. आवरा आवरा.

निघायच्या आधी टाकी फुल केली. इथे एक मजेशीर नियम होता आम्ही गेलो तेव्हा, पेट्रोलचा भाव पंपवाल्याने दिवसातून एकदाच वाढवायचा, तो पण दुपारी बाराला, कमी मात्र कधीही करू शकतो. म्हणजे साहजिकच सकाळी भरलेलं स्वस्त पडतं.

फर्लाइटेनला टोलनाका. टोल गाडीमागे असतो, माणसामागे नाही, त्यामुळे चौघं असलात तर तेवढा टोचत नाही. पावतीबरोबर नकाशा मिळतो. हा रस्ता साधारण मेच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडा असतो आणि रात्री बंद. आम्ही साडेसातला आत होतो, आणि सगळ्यांना माझा हाच सल्ला, साडेआठच्या आत नाका ओलांडा, विशेषतः शनिवार-रविवारी. दहानंतर बाइकवाल्यांच्या झुंडी सुरू होतात.

४८ किमी, ३६ हेअरपिन. प्रत्येक वळणावर नंबर आणि उंची लिहिलेली पाटी. आई मोठ्याने नंबर वाचत होती, बाबा खिडकीतून बाहेर डोकं काढून गटारं बघत होते. हो, गटारं. आम्ही बर्फ, शिखरं, ढग करत होतो आणि हे म्हणतात, "अगं ते बघ, वळणाच्या आतल्या बाजूला चॅनल कसा बांधलाय, पाणी रस्त्यावर येतच नाहीये." मग एका ठिकाणी थांबायलाच लावलं. खाली उतरून दगडी कठड्याचे जोड हाताने चाचपले, कडेच्या उंच काठ्या दाखवल्या, बर्फात रस्ता कुठाय हे कळायला त्या लावतात. घाटात रस्त्याचा खरा शत्रू पाणी, गाड्या नाहीत, हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलेय, ते परत एकदा २००० मीटरवर ऐकलं.

हा रस्ता फ्रान्झ वालाक नावाच्या इंजिनिअरने आखला. काम १९३० ला सुरू, ३ ऑगस्ट १९३५ ला उद्घाटन, आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर मोटारींची शर्यत. मंदीचा काळ, हजारो बेरोजगारांना यावर काम मिळालं. तीव्रात तीव्र चढ १२ टक्क्यांचा ठेवलाय, त्यामुळे साधी गाडी पण कुरकुर न करता चढते. वसंतात बर्फ काढायला वालाकनेच १९५३ च्या सुमारास फिरत्या पात्यांची यंत्रं बनवून घेतली, ती आजही वापरतात म्हणे. बाबा त्या यंत्रासमोर बराच वेळ उभे होते, आईने दोनदा हाक मारली.

फुशर टोर्लवरून डावीकडे एक फाटा एडेलवाइसश्पिट्झेला जातो, २५७१ मीटर. हा तुकडा दगडी फरसबंदीचा, अरुंद, वळणं एकदम आवळलेली, बसला आणि कॅरव्हॅनला बंदी. नवरा म्हणाला जाऊ या की नको, बाबा म्हणाले, "जावईबापू, पहिल्यात टाका आणि निवांत चला, मी बघतो बाजूला." गेलो. आणि हा फाटा अजिबात चुकवू नका, अख्ख्या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा देखावा हाच, चारी बाजूंनी शिखरं, त्यातली तीसहून जास्त तीन हजार मीटरच्या वरची. खालच्या गावात आम्ही टीशर्टवर होतो, इथे वाऱ्याने दात वाजत होते. हजार मीटरला सहा-साडेसहा डिग्री उतरते, त्याच हिशेबाने कपडे घ्या, जॅकेट डिकीत नको, मांडीवर.

पुढे फुशर लाके नावाचं छोटं तळं, मग होखटोर, २५०४ मीटर, मुख्य रस्त्याची सगळ्यात उंच जागा. इथे एक लहान बोगदा आहे, आत शिरताना साल्झबर्ग राज्य आणि बाहेर निघताना कार्नटेन. ही खिंड लोकांनी फार पूर्वीपासून वापरलीये, मीठ-बीठ लादलेले तांडे इथूनच जायचे, आणि रस्त्याचं काम चालू असताना १९३३ मध्ये इथे हर्क्युलीसची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली, रोमन काळातली. जूनअखेर असूनही कडेला बर्फाच्या भिंती होत्या, माणसापेक्षा उंच.

मग खाली उतरून आणखी एक फाटा कायझर-फ्रान्झ-योसेफ्स-होहला. सम्राट फ्रान्झ योसेफ आणि त्याची राणी सिसी १८५६ मध्ये या भागात आले होते म्हणून हे नाव. २३६९ मीटर, मोठी पार्किंगची इमारत, समोर थेट ग्रॉसग्लॉकनर, ३७९८ मीटर, ऑस्ट्रियातलं सर्वोच्च शिखर, आणि त्याच्या पायाशी पास्टर्झे हिमनदी.

पास्टर्झे बघताना काय वाटतं ते सरळ सांगते. ऑस्ट्रियातली सगळ्यात मोठी हिमनदी असं वाचून गेलेलो, आणि कठड्यावरून खाली बघितलं तर आधी दिसतो तो राखाडी चिखल, दगडगोटे आणि एक मातकट तळं. बर्फ लांब वर, त्याच्यावर पण धूळ. १९६३ मध्ये इथून खाली हिमनदीवर जायला उतरणीची रेल्वे बांधली, तेव्हा ती बर्फाजवळ सोडायची. आता तिच्या खालच्या टोकापासून बर्फापर्यंत चालत जायचं म्हणजे वेगळा ट्रेक. पायवाटेवर अमुक साली बर्फ इथपर्यंत होता अशा पाट्या आहेत, त्या वाचत उतरलं की दोन पाट्यांमधलं अंतर वाढत वाढत जातं. ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबच्या मोजणीत २०२२-२३ या एका वर्षात ती दोनशे मीटरच्या वर मागे सरकली. आम्ही काही पाट्यांपर्यंत उतरलो, आईला वर बाकावर बसवलं होतं, आणि तिथे तिच्यासमोर मार्मोट येऊन उभं राहिलं. खारीच्या कुळातला, मांजरापेक्षा मोठा, गुबगुबीत प्राणी, शिट्टी मारतो. आम्ही हिमनदी बघून आलो तर ही म्हणते मी काय बघितलं ते विचारा आधी. खायला काही देऊ नका त्यांना, तशा पाट्याच आहेत.

उतरताना गाडी लो गिअरमध्ये. ऑटोमॅटिक असली तरी मॅन्युअल मोड असतो, तो वापरायचा, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर वास येतो, आमच्या पुढच्या एका गाडीचा येतच होता.

हायलिगेनब्लूटला चर्चचा बारीक उंच मनोरा आणि मागे ग्लॉकनर, हा फोटो तुम्ही कॅलेंडरवर नक्की बघितलेला आहे. इथली दंतकथा अशी की ब्रिक्सियस नावाचा एक डॅनिश सरदार कॉन्स्टँटिनोपलहून येशूच्या रक्ताची कुपी घेऊन येत होता, इथे हिमकडा कोसळून गाडला गेला, आणि बर्फातून गव्हाच्या तीन लोंब्या वर आल्या म्हणून लोकांना त्याचा पत्ता लागला. चर्चच्या आवारात ग्लॉकनरवर जीव गेलेल्या गिर्यारोहकांच्या नावांचं धातूचं पुस्तक आहे, पानं उलटून वाचता येतात. वाचायला गेले आणि दोन पानांवर थांबले.

यानंतर आम्हाला घाई होती ती वेगळ्याच कारणाने. ऑस्ट्रियात शनिवारी संध्याकाळी सहाला सुपरमार्केट बंद होतात ती डायरेक्ट सोमवारी उघडतात. ईझल्सबर्गची छोटी खिंड ओलांडून लिएन्झला साडेपाचला पोचलो, आई आणि मी दही, ब्रेड, टोमॅटो, फळं घ्यायला पळालो, नवरा आणि बाबा पार्किंग शोधत फिरले.

लिएन्झ हे ईस्ट टिरोलचं मुख्य गाव. कुणी फारसं सांगत नाही या गावाबद्दल, मला तर सगळ्या ट्रिपमध्ये हेच सगळ्यात आवडलं. चौकात खुर्च्या टाकून लोक निवांत बसलेले, टुरिस्ट कमी, मागे डोलोमाइटचे दातेरी कडे संध्याकाळी गुलाबी होतात. इथे श्लिप्फक्रापफेन खा. थेट उकडलेल्या करंज्या, आत बटाट्याचं सारण, वर गरम लोणी आणि हिरवी पात. आईने दोन घास खाल्ले आणि पर्समधून लसणाची चटणी काढली, वेटर बघतच राहिला.

रविवार : बोगदा, धबधबा, गेर्लोस

सगळं बंद, रस्ते मोकळे. मात्राईमार्गे फेल्बरटाउअर्न बोगद्याकडे. पाच किमीच्या थोडा वर, १९६७ चा. तो व्हायच्या आधी हिवाळ्यात ईस्ट टिरोलहून आपल्याच टिरोल राज्याच्या राजधानीला, म्हणजे इन्सब्रुकला, जायचं तर वळसा इटलीतून. टोल आम्ही गेलो तेव्हा दहा-बारा युरो होता. बोगद्याच्या अलीकडे २०१३ च्या मेमध्ये मोठी दरड कोसळून रस्त्यावरची गॅलरीच, म्हणजे दरडीपासून वाचवणारं छतच, गेली होती, २०१५ मध्ये नवीन मार्गाने रस्ता काढला. बाबांना हे आधीच माहीत होतं, त्यांनी ती जागा बरोब्बर दाखवली आणि दोन वर्षांत सगळं कसं केलं असेल यावर मिटरझिलपर्यंत भाषण झालं, त्यात महाडच्या एका कॉन्ट्रॅक्टरचा पण उद्धार झाला.

क्रिम्ल धबधबा तीन टप्प्यांत ३८० मीटर, देशातला सगळ्यात उंच. पार्किंगचे वेगळे, आत जायचे वेगळे पैसे. खालच्या टप्प्यापाशी पंधरा मिनिटांत पोचता येतं, वाट चांगली आहे, आई पण आली. वरपर्यंत जायचं तर चारेक किमी चढण, दीड तास धरा. नवरा आणि मी मधल्या टप्प्यापर्यंत गेलो. जूनमध्ये वर बर्फ वितळत असतो आणि पाणी जोरात असतं, चष्मा सारखा पुसावा लागतो. या तुषारांचा दम्याच्या रुग्णांना फायदा होतो यावर साल्झबर्गच्या मेडिकल युनिव्हर्सिटीने अभ्यास केलाय, म्हणून खाली बरेच लोक नुसतेच खुर्च्यांवर पाय पसरून श्वास घेत बसलेले असतात.

तिथूनच गेर्लोसचा घाट लागतो, परत टोल. १९६२ चा रस्ता, आणि हा पण वालाकनेच आखलेला, ते बोर्डवर वाचून बाबा एकदम खूश. ग्लॉकनरनंतर हा घाट मऊ वाटतो, हिरवी कुरणं, गाई, एका वळणावरून मागे क्रिम्लचा अख्खा धबधबा वरपासून खालपर्यंत एकदम दिसतो. तिथे थांबा, पायथ्याशी उभं राहून तो कधीच पूर्ण दिसत नाही. पलीकडचा झिलरटालमधला उतार मात्र ग्लॉकनरपेक्षा जास्त अंगावर आला, अरुंद, समोरून बस. मुक्काम मायरहोफेन. कालचं दही-ब्रेड आणि चटणी, बाल्कनीत.

सोमवार : इन्सब्रुक

झिलरटालमधून खाली येताना बाजूने छोट्या रुळांची गाडी धावते, १९०२ पासूनची. इन नदीच्या खोऱ्यात आलात की हायवे, आणि इथे लक्ष ठेवा, १३० ची सवय झालेली असते पण प्रदूषणामुळे या पट्ट्यात बराच काळ १०० ची मर्यादा असते, आणि कॅमेरे आहेत. दंडाचं पत्र गाडी कंपनीमार्फत घरी येतं, कंपनी वर स्वतःचा चार्ज लावते.

वाटेत वाटेन्सला स्वारोव्स्कीचं क्रिस्टल म्युझियम आहे, आम्ही गाळलं. त्याऐवजी हाल या जुन्या गावात दोन तास घालवले. एकेकाळी मीठ आणि टांकसाळ यांवर हे गाव इन्सब्रुकपेक्षा श्रीमंत होतं, १४८६ मध्ये इथे मोठं चांदीचं नाणं पाडलं, चांदी जवळच्या श्वाझच्या खाणीतली. गल्ल्या दगडी, चढउताराच्या, आणि स्वारोव्स्कीसमोर जेवढ्या बस उभ्या होत्या त्याच्या पाव टक्का पण माणसं इथे नव्हती.

इन्सब्रुकमध्ये शिरायच्या आधीच टाकी फुल केली आणि गाडी देऊन टाकली. शहरात पार्किंगचे झोन आणि वेळा समजून घेण्यात अर्थ नाही, जुना भाग पायी होतो. गाडी परत घेणाऱ्या पोराने चाकं, बंपर बघितले, सही घेतली, पाच मिनिटं. मग सोनेरी छज्जा, २६५७ सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे, सम्राट माक्सिमिलियानने १५०० च्या सुमारास करून घेतला. छोटाच आहे, आईचा अपेक्षाभंग झाला. मागे नोर्डकेटे डोंगररांगेची भिंत मात्र रस्त्याच्या टोकाला अशी उभी आहे की छज्जा कोण बघतो.

हा रूट उलटा, इन्सब्रुकहून सुरू करायचा असेल तर करता येतो, फक्त मग लवचिक मुक्काम लिएन्झ किंवा हायलिगेनब्लूटला ठेवा आणि ग्लॉकनर त्या बाजूने चढा. त्यात एक फायदा पण आहे, सकाळचं ऊन ग्लॉकनरच्या तोंडावर असतं आणि तुम्ही आधीच पास्टर्झेच्या कठड्याशी असता. टोल तिन्ही मिळून आम्ही गेलो तेव्हा साठ-पासष्ट युरो झाला. मुलं असतील तर गुहेऐवजी झेल आम झेजवळच्या काप्रुनची धरणं बघा, बसने वर नेतात आणि लहान मुलं खूश होतात, पण त्याला पाऊस नको, म्हणजे ढगाळ दिवसासाठी दुसरं काहीतरी हाताशी लागेलच.